एसक्यूलाइटच्या तारखा : हिशेब चोख, नखरे थोडे

आमच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी एसक्यूलाइटवर चालवतो. डेटाबेस म्हणून उत्तम: एकच फाइल, सर्व्हर नको, लाइट गेली तरी नोंदी शाबूत.

तारखांचं मात्र जरा समजून घ्यावं लागतं. इथे तारखेचा वेगळा प्रकारच नाही. मजकूर किंवा आकडा म्हणून साठवायची. '२०२४-०३-०५' अशी वर्ष आधी ठेवून लिहिली तर क्रमवारी आपोआप बरोबर लागते. '०५/०३/२०२४' दिलीत तर तारखेचं फंक्शन एरर देत नाही, गुपचूप नल (NULL, म्हणजे 'काहीच नाही' अशी रिकामी किंमत) परत करतं. हे मला अजिबात आवडत नाही.

त्यात 'नाऊ' म्हणजे आत्ताची वेळ मागितली की मिळते ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध आदल्या दिवशी रात्री पावणेबाराचं दिसतं. दहा दिवसांच्या बिलात अशी नोंद मागच्या बिलात गेली की शेतकरी सोडतो होय! 'लोकलटाइम' जोडलं की मिटलं.

पावतीवर दिवस-महिना-वर्ष छापायला स्ट्रएफटाइम (तारीख हव्या त्या रूपात मांडणारं फंक्शन) पुरतं. फक्त त्याच्या खुणांत धाकटा एम (m) महिन्याचा, थोरला (M) मिनिटांचा. बारा तासांचं घड्याळ ३.४४ आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०२३) मिळालं. महिन्यांची नावं मात्र नाहीतच, इंग्रजीसुद्धा. 'मार्च' हवं तर केस (CASE, म्हणजे 'आकडा ३ असेल तर मार्च' अशी अट) लिहा. आणि शोधताना कॉलमवर स्ट्रएफटाइम लावू नका, साधा इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) वाया जातो. सरळ दोन तारखांची हद्द द्या.

पाचपैकी चार तारे. एक त्या मुक्या नलसाठी कापला.