विंचची लाईन: दसरा ते जून, चारशे लाँचनंतरचा अनुभव

दसऱ्याला रिमोटवरचं बिनमोटरचं मॉडेल ग्लायडर दोरीनं वर खेचणाऱ्या नवीन विंचची पूजा केली आणि तेव्हापासून आता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण चारशे लाँच झाले, त्यात चार प्रकारच्या लाईन (म्हणजे दोऱ्या) वापरून झाल्या, एक पंखाचा रॉड वाकला, एक ड्रम गेला, म्हणून म्हटलं आता सगळं एकदा नीट लिहून टाकू. ग्लायडर कुठला घ्यावा यावर लोक तासन् तास बोलतात पण त्याला वर नेणाऱ्या दोरीबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझं आता पक्कं मत झालंय की अर्धी फ्लाइट त्या दोरीवरच ठरते.

आधी सेटअप सांगतो म्हणजे आकडे कळतील. जुन्या जीपचा स्टार्टर, १२ व्होल्ट, ट्रॅक्टरची बॅटरी, पायाचं पेडल, मधे स्टार्टरचाच रिले. ड्रम ७५ मिमीचा, नाशिकमध्ये अंबडला आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः काढलाय. टर्नअराउंडची पुली १३० मीटरवर ठोकतो. ज्यांनी विंच बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, लाईन ड्रमवरून निघते, लांब जाऊन पुलीला वळसा घालून परत आपल्याकडे येते, तिच्या टोकाला छोटं पॅराशूट आणि कडी, ती कडी मॉडेलच्या पोटाखालच्या टो-हुकला. पेडल दाबलं की मॉडेल पतंगासारखं चढत जातं. परदेशात एफथ्रीबी या मॉडेल ग्लायडरच्या स्पर्धांत पुली २०० मीटरपर्यंत लांब ठेवतात, मी मुद्दाम कमी ठेवलीये कारण ड्रोन नियमांतल्या हिरव्या झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) ४०० फूट म्हणजे साधारण १२० मीटरचीच मर्यादा आहे. जागा गिरणाऱ्याच्या पुढे एक गायरान, ओझरच्या विमानतळापासून आणि देवळालीच्या लष्करी कॅम्पपासून चांगलं लांब, तरी दर वेळी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघूनच निघतो. मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत २.९ मीटर, वजन सव्वादोन किलो.

आता लाईन. पहिली चूक मी केली ती सगळेच करतात, जास्तीत जास्त मजबूत ती घ्यायची. ऑनलाईन डायनीमा मिळाली, म्हणजे अतिमजबूत प्लास्टिकच्या तंतूंची दोरी, बारीक, हलकी, हातात रेशमासारखी, पाकिटावर १२० किलो लिहिलेलं. पहिले दोन दिवस खूश होतो कारण बारीक असल्यामुळे हवेत ओढ कमी लागते. पण ही दोरी ताणतच नाही. आणि विंचच्या लाँचला ताण पाहिजे, तोच तर सगळा खेळ आहे! वर पोचल्यावर आपण नाक जरा खाली घालतो, वेग घेतो आणि मग वर खेचतो त्याला झूम म्हणतात, त्या झूमला मोटरपेक्षा जास्त जोर ताणलेल्या लाईनमधून येतो, रबरासारखी ती आखडते आणि मॉडेलला पुढे फेकते. डायनीमाला हे जमतच नाही. वरून वाऱ्याचा झोत आला की तो धक्का कुठेही न जिरता सरळ पंखात. नोव्हेंबरात एका दुपारी असाच झोत आला, मी पेडलवरून पाय उचलेपर्यंत पंखांना जोडणारा स्टीलचा रॉड वाकला, मॉडेल कसंबसं उतरवलं. दोरीला काही झालं नाही, आणि तेच वाईट, कारण त्या जागी दोरी तुटलेली परवडली असती. शिवाय डायनीमाची गाठ सरकते, इतकी गुळगुळीत की साधी गाठ ताणाखाली हळूहळू सुटत जाते, आणि उष्णता सहन होत नाही, दीडशे डिग्रीच्या अलीकडेच वितळते, म्हणजे पुलीचं बेअरिंग अडकलं की खेळ खलास. सांगायचं तर विंचसाठी डायनीमा नकोच.

मग मोनो. एकेरी नायलॉनची तार, १.२ मिमी. स्पर्धावाले हीच वापरतात आणि का ते पहिल्याच लाँचला कळलं, झूम असा मिळतो की पुतण्या म्हणाला काका हे तर गोफणीसारखं गेलं! धूळ आत शिरत नाही, फडक्यानं पुसली की स्वच्छ, काट्याकुट्यात अडकली तरी धागा निघत नाही. पण तिचा स्वभाव हट्टी आहे. रिळाची गोलाई तिच्या अंगात बसलेली असते, ताण जरा सैल झाला की ड्रमवरून वेटोळी उसळून बाहेर येतात आणि मग अर्धा तास गुंता सोडवत बसा. मी हे टाळायला ती ताणूनच गुंडाळायला लागलो, आणि तिथे ड्रम गेला. ताणलेल्या मोनोचा प्रत्येक वेढा ड्रमला आवळतो, असे शेकडो वेढे एकावर एक, सगळ्यांची आवळण एकत्र होते. डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी तशीच ताणात ठेवून घरी आलो, सकाळी बघतो तर ड्रमचा मधला भाग दबलेला आणि बाजूच्या चकत्या बाहेर फाकलेल्या. ॲल्युमिनियम होतं, चार मिमी जाडीचं. आता भरीव ड्रम केलाय. मोनो वापरायची असेल तर ड्रम भरीवच पाहिजे आणि दिवस संपला की लाईन पूर्ण बाहेर काढून सैल हातानं परत गुंडाळायची, याला शॉर्टकट नाही. आणि एक, ब्रश कटरची तार नायलॉनचीच असते म्हणून ती चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, जाड आणि कडक असते, पुलीवर वळतच नाही.

तिसरी, जी गेले पाच महिने वापरतोय आणि जिच्यावर मी आता खरंच जीव टाकतो, ती विणलेली नायलॉन. भद्रकालीत जाळी-दोऱ्यांच्या दुकानात मिळाली, कोळी लोक जाळ्याच्या कडेला लावतात तसली, पावणेदोन मिमी, आतून पोकळ विणीची. पोकळ आहे का ते दुकानातच बघायचं, दोन बोटांत धरून ढकलली की वीण फुगते आणि आत पोकळी दिसते. आत वेगळा दोरा घातलेली घेऊ नका, त्याचं कारण पुढे येतंय. रंग केशरी घ्या, काळ्या मातीवर आणि वाळलेल्या गवतावर दोन्हीकडे दिसतो.

घेतल्यावर आधी वर्कशॉपमध्ये क्रेनच्या हुकाच्या वजनकाट्यावर तुकडे तोडून बघितले, कारण मधे एका विक्रेत्याकडून शंभर किलोची म्हणून घेतलेली दोरी ३८ ला तुटली होती. ही ७८ ला तुटली. साधी गाठ मारून ४४ ला. आठच्या आकड्याची गाठ मारून ५९. रात्रभर पाण्यात भिजवून ६९, नायलॉन पाणी पितं त्यामुळे ओलं असताना कमजोर होतं. मग विंच स्वतः किती ओढतंय तेही बघितलं, वजनकाटा बाभळीच्या बुंध्याला बांधला आणि पेडल दाबून धरलं, ४२ किलोवर मोटर थांबली. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा, साधी गाठ ४४ आणि मोटर ४२. म्हणजे लाईनमध्ये कुठेही एक साधी गाठ असली तर तुमची ७८ ची दोरी ४४ ची झाली, आणि झूमला ताण मोटरच्या वरही जातो. मला हे कळल्यावर सगळ्या जुन्या लाईनमधल्या गाठी मोजल्या, एकीत नऊ होत्या!

म्हणून आता गाठ मारतच नाही, तुटली तर टोकं एकमेकांत घालतो. यासाठीच पोकळ वीण पाहिजे. घोंगडी-पोती शिवायचा दाभण असतो ना, तो. एका टोकाचे दोनचार पदर कापून ते निमुळतं करायचं, दाभणाच्या नेढ्यात ओवायचं, दुसऱ्या दोरीची वीण चिमटीत ढकलून फुगवायची आणि तिच्या पोटातून दाभण वीतभर सरकवत न्यायचा, मग बाहेर काढायचा. दुसऱ्या टोकाचंही तसंच, उलट दिशेनं. शेवटी दोन्ही बाजूंनी हातानं सोलल्यासारखं ओढत न्यायचं, की आतलं शेपूट गिळलं जातं आणि बाहेरून फक्त जरा जाड झालेली दोरी दिसते. जितकी ओढाल तितकी वीण आवळते. काट्यावर हा सांधा ७० ला गेला. बांधावर बसून पहिला सांधा करायला मला पाऊण तास लागला होता, आता दहा मिनिटं. घाईच असेल तर कोळ्यांची दुहेरी गाठ मारा, गंगापूर धरणावर एका मामांनी शिकवली, ती ताणाखाली दोन्हीकडून एकमेकीवर चढून बसते. टोकांना फेविक्विक लावू नका, दोरी तिथे काचेसारखी कडक होते आणि गाठीच्या शेजारीच तुटते. लायटरनं वितळवून गोळा केला तर तो गोळा पुलीत अडतो.

देखभालीत सगळ्यात मोठा शत्रू धूळ. फेब्रुवारीपासून गायरानावर मुरमाची बारीक भुकटी असते, लाँच संपल्यावर पॅराशूट खाली पडतं आणि लाईन त्या भुकटीतून घासत परत ओढली जाते. विणीच्या आत ते कण जाऊन बसतात आणि पुढच्या प्रत्येक ताणाला आतून कानस चालवतात, बाहेरून काही दिसत नाही. दर चौथ्या रविवारी मी लाईन बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवतो, पाणी तीनदा बदलतो, पहिलं पाणी चहासारखं निघतं. मग गच्चीवर नाही, जिन्याखाली सावलीत वाळवायची. ऊन नायलॉनला खातं. वाळल्यावर जुन्या धोतराचं फडकं चिमटीत धरून त्यातून सगळी लाईन ओढायची, हळूहळू, आणि बोटांना काय लागतंय इकडे लक्ष द्यायचं. लव आलेली असेल तर फडकं जरा अडतं. एखाद्या ठिकाणी दोरी गुळगुळीत, चकचकीत, चपटी लागली तर ती जागा कुठेतरी तापून वितळलीये, बहुतेक पुली अडकली होती. ती जागा कापून सांधा करायचा, विचार करत बसायचं नाही. पुलीच्या चाकात आणि बाजूच्या पट्टीत फट किती आहे तेही बघा, लाईनच्या जाडीपेक्षा कमीच पाहिजे, नाहीतर सैल पडलेली लाईन तिथे शिरते आणि कात्रीत सापडल्यासारखी कापली जाते.

मार्चमधली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. धुतलेली, तपासलेली लाईन, एकही सांधा नाही, आणि लाँचच्या अर्ध्यात फाटकन तुटली. उरलेला भाग गुंडाळून परत लावला, तर पुन्हा तिथून हातभर अंतरावर. असं तीनदा. टोकं बघितली तर नेहमीसारखे तंतू ओढलेले नव्हते, भुसा झाल्यासारखी तुटलेली, आणि बोटांत चुरली की पावडर. घरी आल्यावर डिकी उघडी टाकून बसलो आणि तेव्हा दिसलं, लाईनची पिशवी बॅटरीला टेकून ठेवायची मला सवय, बॅटरीच्या बुचाजवळ ओल आणि पिशवीला त्याच उंचीवर पिवळट डाग. ॲसिड. नायलॉनचं आणि ॲसिडचं अजिबात जमत नाही, थेंबभर पुरतं. गुंडाळीच्या एकाच बाजूला लागलं होतं त्यामुळे ठराविक अंतरानं तुटत होती. पूर्ण लाईन टाकून द्यावी लागली, ९० लाँच झालेली, चांगली होती. तेव्हापासून बॅटरी पुढच्या सीटखाली ट्रेमध्ये आणि लाईन मागे, वेगळ्या सुती पिशवीत. तुम्ही पण आज जाऊन बघा तुमची लाईन कुठे ठेवलीये.

थंडीत सकाळी दव असतं तेव्हा मात्र मी पॉलिएस्टरची विणलेली लाईन लावतो. पाणी जवळजवळ पीत नाही, उन्हात जास्त टिकते. ताणते कमी, नायलॉनच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे झूम जरा मिळमिळीत. डिसेंबर-जानेवारीत तसंही सकाळी थर्मल (मॉडेलला वर नेणारे गरम हवेचे झोत) नसतात, लँडिंगचा सराव करायचा असतो, तिथे चालून जातं. मार्च-एप्रिलच्या दुपारी, जमीन तापलेली, घारी वर गिरक्या घेत असतात, तेव्हा प्रत्येक मीटर महत्त्वाचा आणि तिथे नायलॉनच.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्या लोकांना सांगून कळणार नाही. नाशिक-येवल्याकडे संक्रांतीला नायलॉन मांज्यानं दरवर्षी पक्षी मरतात, माणसांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली तरी मिळतोच. त्यामुळे शेतावर कोणी केशरी दोरी बघितली की पहिला प्रश्न, मांजा आहे का? राग येण्यासारखं त्यात काही नाही, त्यांचं बरोबरच आहे. मी प्रत्येकाला हातात देऊन दाखवतो, बोटावरून ओढायला सांगतो. पण आपली जबाबदारीही तितकीच, तुटलेला हातभर तुकडासुद्धा गायरानात सोडायचा नाही, गुरं चरताना तो गवताबरोबर पोटात जातो. मी घरी आल्यावर तुकड्यांची लांबी मोजतो आणि आधीच्या लांबीशी ताळा लावतो, कमी भरली तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन शोधतो. गुराखी बाबांची गुरं लाईनच्या आसपास आली की पेडलवरून पाय काढायचा आणि थांबायचं, पूर्ण ओलांडून जाईपर्यंत. पुलीपाशी आणि मधे एक लाल फडकं लावलेली काठी रोवून ठेवतो.

खर्चाचं म्हणाल तर विणलेली नायलॉन ५०० मीटरचं रीळ मला साडेसातशेला पडलं, त्यात माझी एक पूर्ण लाईन होऊन वर दीडशे-दोनशे मीटर शिल्लक राहते दुरुस्तीला. एक लाईन नीट धुतली आणि पन्नासेक लाँचनंतर टोकं उलटी करून लावली तर दीडशेपर्यंत जाते. उलटी यासाठी की पॅराशूटकडचा भागच सगळ्यात जास्त घासतो. दीडशेनंतर काट्यावर एक तुकडा तोडून बघतो, ५५ च्या खाली आला की ती लाईन टोमॅटोवाल्या दादांना बांबू बांधायला देतो, त्यांना सुतळीपेक्षा आवडते.

सध्याची लाईन ११० वर आहे. पाऊस तोंडावर आलाय, परवा शेवटचे सहा लाँच झाले, पश्चिमेकडून ढग भरून आले म्हणून सातवा सोडला. धुऊन वाळवून येवल्याहून आणलेल्या आसारीवर (पतंगाचा दोरा गुंडाळायची मोठी फिरकी) सैल गुंडाळून ठेवलीये, आसारी यासाठी एक नंबर, मोठा घेर असल्यामुळे पीळ बसत नाही. सप्टेंबरमध्ये काढली की आधी काट्यावर तोडून बघेन, आकडा काय आला ते सांगतो.