सी शार्पच्या एक्सएमएल कॉमेंट्स, आठ महिन्यांनंतर: एका चिन्हाची कटकट

सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत कोडच्या वर तीन स्लॅश मारले की एक्सएमएल कॉमेंटचा, म्हणजे टॅगांमध्ये लिहायच्या माहितीच्या टिपणाचा, सांगाडा आपोआप उभा राहतो: समरी (सारांश), पॅरम (काय द्यायचं), रिटर्न्स (काय परत मिळतं). हे वापरणाऱ्यांना सांगायला नको. खरा ताप त्यानंतर सुरू होतो.

गेल्या महिन्यात आमचं पॅकेज वापरणाऱ्या टीममधल्या मॅडमचा फोन आला. "सर, वजन किलोत द्यायचं की ग्रॅममध्ये? कुठेच लिहिलेलं नाहीये." मी भडकलो. त्याच मेथडवर (कोडमधल्या त्या कामाच्या तुकड्यावर) सहा ओळी खरडल्या होत्या! या कॉमेंट्सवरून तयार झालेली एक्सएमएल फाइल उघडली, तर माझ्या सहा ओळींच्या जागी एकच ओळ: कॉमेंटची रचना चुकीची, म्हणून वगळली. गुन्हा काय, तर मी "वजन < ५० असेल तर" असं लिहिलं होतं. 'पेक्षा लहान'चं चिन्ह दिसलं की एक्सएमएलला टॅग सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यापायी किलो-ग्रॅमसकट सगळंच गेलं.

कंपायलरने, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलने, चुकीच्या रचनेबद्दल सीएस१५७० ही वॉर्निंग दिली होती. पण ती पुरली होती सीएस१५९१ च्या तीनेकशे वॉर्निंग्जखाली. पब्लिक मेंबरवर (बाहेरून वापरता येणाऱ्या भागावर) कॉमेंट का नाही, ही त्या १५९१ ची सततची भुणभुण. आयडी नावाच्या प्रॉपर्टीवर काय निबंध लिहायचा? शेवटी १५९१ बंद केली आणि १५७० ला थेट एरर करून टाकलं. हे पहिल्याच दिवशी करा.

त्या रागात सगळी माहिती कोडबाहेर, साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइलींमध्ये हलवायच्या बेतात होतो. तेवढ्यात एका मेथडचं नाव बदललं आणि सीएस१५७४ या वॉर्निंगने लगेच पकडलं, की दुसऱ्या कॉमेंटमधला क्रेफ (कोडमधल्या नावाकडे नेणारा दुवा) अजून जुन्याच नावाकडे बोट दाखवतोय. मार्कडाउनमध्ये ते वर्षभर तसंच कुजलं असतं. शिवाय एक्सएमएल कॉमेंट्सचा खर्च शून्य, प्रोजेक्ट फाइलमध्ये एक ओळ घातली की काम झालं. एका विकतच्या टूलचं कोटेशन आलं होतं, ते मीच परत पाठवलं. बेत रद्द.

चिन्हाचा राग मात्र गेलेला नाही. क्रेफमध्ये जेनेरिक टाइपला (ज्याच्या नावात हे चिन्ह येतंच) त्याऐवजी महिरपी कंस तरी चालतो. साध्या मजकुरात त्या चिन्हाच्या जागी अँपरसँड, एलटी, सेमीकोलन लिहा, आणि कोड वाचताना दरवेळी दाताखाली खडा. गंमत म्हणजे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह बिनबोभाट चालतं! म्हणून मी अटीच उलट्या लिहायला लागलो: "५० > वजन". कोड तपासताना (रिव्ह्यूत) नव्या मुलाने विचारलं, "दादा, हे उलटं का?" कारण ऐकून त्याने तिथे मुकाट्याने "पन्नासपेक्षा कमी" लिहिलं.

तेही चालतं, कबूल.