प्रोटीनच्या थेंबात काय घालावं: लिगँड, धातू, टीसीईपी की ९६ रसायनांची पेटी?

प्रोटीनची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर आधी थेंबात त्याचे स्फटिक उगवावे लागतात. अनेक द्रावणं चाचपणाऱ्या पहिल्या स्क्रीनमध्ये हिट मिळाला, म्हणजे काहीतरी उगवलं, पण थेंबात दिसतात त्या नुसत्या बारीक सुयांच्या जुड्या. अशा वेळी बहुतेक जण थेट अ‍ॅडिटिव्ह स्क्रीन, म्हणजे थेंबात थोडी थोडी घालून बघायच्या रसायनांची पेटी, मागवतात. हॅम्प्टन रिसर्च या कंपनीच्या पेटीत ९६ रसायनं असतात. प्रोटीन १० मिग्रॅ प्रति मिली असेल आणि रोबोट दर थेंबात ०.२ मायक्रोलीटर टाकत असेल, तर सगळी प्लेट ०.२ मिलिग्रॅममध्ये उरकते. हाताने एकेक मायक्रोलीटर टाकायचं तर जवळजवळ १ मिलिग्रॅम लागतं. रोबोट हाताशी असेल तर खुशाल लावा. पण महिनाभर राबून जेमतेम तेवढंच प्रोटीन मिळालं असेल, तर आधी निवडून घालावं, असं माझं मत.

निवडायचं तर पहिला मान लिगँडचा, म्हणजे प्रोटीनला नेमक्या जागी चिकटणाऱ्या रेणूचा. एन्झाइमचा इन्हिबिटर (त्याचं काम रोखणारा रेणू) किंवा कोफॅक्टर (त्याच्या कामाला लागणारा साथीदार) जागेवर बसला की हलणारे लूप बऱ्याचदा स्थिरावतात, सगळे रेणू एकसारखे दिसू लागतात आणि रचून बसायला राजी होतात. लिगँड उपयोगी पडतोय का, हे प्लेट लावण्याआधीच थर्मोफ्लोरमध्ये, म्हणजे प्रोटीन तापवून ते कधी उलगडतं हे पाहणाऱ्या चाचणीत, कळतं: वितळण्याचं तापमान चांगलं वर सरकलं तर पुढे जा. अडचणी दोन. लिगँड बहुधा डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला असतो, म्हणून नुसत्या डीएमएसओचाही एक थेंब शेजारी हवा. आणि मिळेल ती लिगँड बसलेली रचना; तुम्हाला रिकामी जागा पाहायची असेल तर ही वाट उपयोगाची नाही.

धातूंचं काम निराळं. ते दोन शेजारी रेणूंमध्ये पूल बांधू शकतात. लोह साठवणाऱ्या मानवी एच-फेरिटिन या प्रोटीनचं उदाहरण पाहा: ८६व्या जागेवरचं लायसिन हे अमिनो आम्ल बदलून ग्लुटामिन केलं, तेव्हा कॅडमियमला दोन रेणूंमध्ये बसायला जागा झाली, आणि १९९१ साली रचना प्रसिद्ध झाली. इन्सुलिनचे स्फटिक एबलने १९२६ मध्ये मिळवले होते, पण त्यासाठी झिंक लागतं हे स्कॉटने १९३४ मध्ये दाखवलं. स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या ज्या चमूने १९६९ मध्ये त्याच झिंक-इन्सुलिनची रचना मांडली, त्यात आपले भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन होते.

झिंकचा आणखी एक फायदा: स्फटिकात घट्ट बसलं तर क्ष-किरणांच्या १.२८ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या तरंगलांबीला त्याचा अनॉमलस सिग्नल मिळतो; त्यावरून फेज, म्हणजे रचना काढायला लागणारी पण मोजणीत हरवणारी माहिती, काढता येते. पण धातू घालताना बफर बघा. फॉस्फेट असेल तर झिंक फॉस्फेटचा गाळ बसेल; ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) असेल तर घातलेला धातू तेच गिळून टाकेल. कॅल्शियमच्या थेंबात टपोरे स्फटिक दिसले तर पेढे वाटण्याआधी तोच थेंब प्रोटीनशिवाय, नुसत्या बफरने लावून बघा. तिथेही उगवले तर ते मीठ. कॅडमियम विषारी आहे, त्याचा कचरा वेगळा ठेवावा लागतो. झिंक आणि मॅग्नेशियम हुकल्यावरच मी त्याच्याकडे वळेन.

मोकळी सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) असलेल्या प्रोटीनला ऑक्सिडेशनपासून वाचवायला डीटीटी घालावं की टीसीईपी? डीटीटी स्वस्त, पण २० अंशांना पीएच ८.५ असेल तर त्याचं अर्धं आयुष्य साधारण दीड तास, ६.५ ला तेच ४० तास. आठवडाभर बसून राहणाऱ्या थेंबात अल्कलाइन बफर असेल तर दुसऱ्या दिवशी डीटीटी नावालाच उरतं, शिवाय झिंक-निकेलशी ते बांधलंही जातं. तिथे टीसीईपी. फक्त टीसीईपी हायड्रोक्लोराइडचं ०.५ मोलर द्रावण पीएच अडीचच्या घरात असतं. ते न्यूट्रल केल्याशिवाय थेंबात टाकू नका. आणि फॉस्फेट बफरमध्ये तेही टिकत नाही.

ग्लिसरॉल घालावं ते थेंबात बारीक स्फटिकांचा सडा पडत असेल तेव्हा. ५–१० टक्क्यांनी न्यूक्लिएशन (नव्या स्फटिकांची सुरुवात) मंदावतं, संख्या घटते, आकार वाढतो. क्रायोसाठीही, म्हणजे स्फटिक गोठवतानाही, थोडी सोय होते. प्रेसिपिटंट (प्रोटीनला द्रावणाबाहेर ढकलणारा पदार्थ) मात्र वाढवावा लागतो. थेंब अजून स्वच्छच राहत असेल तर ग्लिसरॉलने काहीच साधणार नाही.

मेंब्रेन (पेशीच्या पडद्यातल्या) प्रोटीनवाल्यांची गोष्टच वेगळी: डिटर्जंट त्यांना आधीपासूनच लागतं. हार्टमुट मिशेलने १९८२ मध्ये प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूच्या रिअ‍ॅक्शन सेंटरचे स्फटिक मिळवले, तेव्हा डिटर्जंटच्या जोडीला हेप्टेनट्रायॉल हा छोटा रेणू होता. त्याने डिटर्जंटचे मायसेल (त्याच्या रेणूंचे गोळे) लहान होतात आणि प्रोटीनला प्रोटीन भिडायला जागा मिळते.

राहिली नवी मंडळी. टेल्युरियम-टंगस्टनचं टीईडब्ल्यू हे संयुग ऋणभारित असतं, त्यामुळे प्रोटीनच्या पृष्ठभागावर धनभारित पट्टे असतील तिथे ते घालून बघण्यासारखं आहे. २०१७ मध्ये आलेलं टर्बियम या धातूचं क्रिस्टलोफोर हे संयुग न्यूक्लिएशन आणि फेज अशी दोन्ही कामं करतं. पण आता फेजचं काम बऱ्याचदा अल्फाफोल्ड या रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मॉडेलवर भागतं. म्हणून निव्वळ फेजसाठी ते विकत घेऊ नका. पेटीतल्या कशानेच स्फटिक उगवला नाही, तर जरूर घ्या.