बिझनेस क्रेडिट कार्ड: कॅशबॅक घ्यावं की प्रवासाचे पॉइंट?

सांगलीतला हळदीचा किंवा तासगावचा बेदाण्याचा व्यापारी दरमहा दीड लाख कार्डावर फिरवतो असं धरू. म्हणजे वर्षाला 18 लाख. 1 टक्का कॅशबॅकचं कार्ड 18,000 देईल. फी 500 धरली तर जीएसटीसह 590 वजा; हातात 17,410.

प्रवासाच्या कार्डाची फी 5,000, जीएसटीसह 5,900. शंभराला 2 पॉइंट, म्हणजे 36,000 पॉइंट. खरी मेख इथंच आहे. विमान तिकिटाला पॉइंट 1 रुपयाला गेला, तर फी जाऊन 30,100 उरतात. तोच बिलात 25 पैशांनी वळता केला, तर 3,100! शिवाय पॉइंटची मुदत संपते ती वेगळीच.

सांगलीतून प्रवासी विमान नाही. कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. दिल्ली-अहमदाबादच्या व्यापाऱ्यांकडे वर्षातून पाच-सहा फेऱ्या होत नसतील, तर सरळ कॅशबॅक घ्या.

दोन्हींत फसगत एकाच ठिकाणी होते. जीएसटी भरणा, भाडं, वॉलेट यांवर अनेक बँका काहीच देत नाहीत. उलट भाड्यावर शुल्क लावतात. त्यामुळे दीड लाखातून ही रक्कम आधी वगळा. परदेशी खर्चावर साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो.

तिकीट काढताना फर्मचा जीएसटी क्रमांक टाकायचा राहिला, तर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं. आणि बिल पूर्ण न भरता ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे किमान रकमेवर, भागवणाऱ्यानं दोन्ही कार्डांच्या वाटेला जाऊ नये.