कंटेंट आयडी: ग्वाल्हेरच्या गवयांना कितपत उपयोगी?

युट्यूबची कंटेंट आयडी सेवा तुमच्या गाण्याची फाइल (संदर्भ फाइल) इतरांच्या व्हिडिओंशी ताडून पाहते आणि जुळलं की त्यावर तुमच्या हक्काचा दावा लावते. ती कामाची आहे, पण सरसकट मिळत नाही. एकट्यादुकट्या गायकाने वितरकामार्फतच, म्हणजे गाणी ऑनलाइन पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फतच जावं. वितरकाला हिश्शाची टक्केवारी विचाराच, पण चुकीचा दावा किती दिवसांत मागे घेता, हे त्याआधी विचारा.

मुख्य अट म्हणजे ध्वनिमुद्रणावर तुमचा एकट्याचा हक्क हवा. पारंपरिक बंदीश कुणाच्या मालकीची नाही, तिचं तुम्ही केलेलं मुद्रण मात्र तुमचं. मैफिलीचं मुद्रण आयोजकाने केलं असेल तर कायद्याने निर्माता तो, म्हणून हक्कपत्र लेखी घ्या. आकाशवाणीवरून उतरवलेलं गाणं विसरा. जुनी तबकडी नुसती स्वच्छ केली म्हणून ती तुमची होत नाही. भारतात मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, नंतर ते सर्वांचं.

खरा घोळ तानपुऱ्याचा. ॲपचा तानपुरा सुरुवातीला अर्धा मिनिट नुसताच वाजला, की तोही संदर्भ फाइलमध्ये जातो. मग तेच ॲप, तीच पट्टी लावणाऱ्या ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या दुसऱ्या गायिकेच्या व्हिडिओवर दावा लागू शकतो. तबल्याच्या तयार ठेक्यांचंही तसंच. तो तुकडा मिनिट-सेकंदांसह वितरकाला कळवून वगळायला लावा, नाहीतर सरळ खरा तानपुरा जुळवा. गाण्यालाही तोच शोभतो.

कुणी दाव्यावर हरकत घेतली तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न दिल्यास दावा सुटतो. वारंवार चुकीचे दावे केल्यास सेवाच बंद होऊ शकते.