बोलकी मराठी कार्डे: अडीच वर्षांच्या नातीसोबत दोन महिने

सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातून दिवाळीच्या सुमारास मी बोलक्या मराठी कार्डांचा संच साडेसातशे रुपयांना घेतला. खाचेत कार्ड सरकवले की चित्राचे नाव ऐकू येते. कार्डे जाड आहेत, कोपरे गोल आहेत आणि यंत्र एकदा चार्ज केले की दोन-तीन दिवस सहज चालते. खोक्यावर मात्र ‘मूल झपाट्याने बोलू लागेल’ असे छापले आहे. माझा आक्षेप त्या वाक्याला आहे.

‘शहामृग’, ‘पाणघोडा’ असे आमच्या घरात कधीच न निघणारे शब्द नातीने आठवड्याभरात उचलले, याचे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे. पण त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, “आजी, मी खेळायला जाली.” हा शब्द कार्डांवर नाही आणि घरात कोणी तो उच्चारतही नाही. ‘बसली’, ‘उठली’ ऐकून तिने नियम स्वतःच काढला आणि ‘जा’ला लावला. नुसत्या अनुकरणाने भाषा येत असती, तर ही चूक तिच्या तोंडी आलीच नसती. बक्षीस आणि सवय यांतून भाषा घडते या मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मताला भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये विरोध केला, तो मला तिच्या ‘जाली’मुळे नीट उमगला. नियम शोधण्याची ही उपजत ओढ केवळ भाषेपुरती आहे की एकूण बुद्धीचीच आहे, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

यंत्राचा मोठा दोष उच्चाराचा आहे. ‘चमचा’तला च ते ‘चहा’तल्या चसारखा उच्चारते. ही बाब किरकोळ नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात, पण वर्षाच्या आसपास बहुतेकांची ही क्षमता ओसरते. म्हणजे कान जन्मतः मोकळा असतो आणि भोवतालची बोली त्याला वळण लावते. मग ते वळण चुकीचे का लावायचे? कार्डांत पोळी आहे आणि भाकरी नाही, हेही मला खटकले.

बाळांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे चिनी ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून शिकली, पण तेच पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजातून शिकली नाहीत. आमच्याकडे नातीने हत्तीचे कार्ड सरकवले, “हत्ती” ऐकले आणि यंत्राला विचारले, “कुठं चाललास?” ती बराच वेळ उत्तराची वाट पाहत बसली.

एवढ्या किमतीत संच घ्यावा तो चित्रांसाठी. आम्ही आता यंत्र बंद ठेवतो आणि कार्डे मांडीवर पसरून बोलत बसतो. काल बैलाचे कार्ड उचलून ती म्हणाली, “आजी, हा ऊस न्यायला येलाय.”