हिरवळीवर वाफा: उकरावं की पुठ्ठा अंथरावा?
बेळगावच्या टिळकवाडीत बंगल्यापुढची हिरवळ मोडून भाजीचा उंच वाफा करायचा, तर आधी गवताचं काय?

कुदळीनं उकरलं की माती लगेच मोकळी होते, मुळा-गाजराला खोली मिळते. पण हरळीचा एक तुकडा राहिला तरी फुटतो, आणि लव्हाळ्याच्या गाठी खणताना उलट पसरतात. कंबर धरते ती वेगळीच.

पुठ्ठ्याचं काम सोपं. गवत बुडापासून कापा, चिकटपट्टी काढलेले पुठ्ठे एकमेकांवर 15 सेंटीमीटर चढवून अंथरा, चिंब भिजवा. उजेड तुटला की गवत तिथंच कुजतं. लव्हाळा मात्र पुठ्ठाही भोसकून वर येतो! उन्हाळ्यात कोरड्या पुठ्ठ्याला वाळवी लागते, म्हणून मी मृगाच्या तोंडावर अंथरेन. हरळी माजलेली असेल तिथं मात्र आधी कुदळ, मग पुठ्ठा.

भर दोन्हीकडे तीच. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 30 सेंटीमीटर उंच वाफ्याला 600 लिटर: निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडं भाताचं तूस. आपल्याकडच्या पावसात खानापूरकडची तांबडी माती बरी. बैलहोंगलची काळी पाणी धरून बसते. पावसाळ्यात भर खचते, तेव्हा दोन बुट्ट्या खत बाजूला ठेवा.